खिडकीची मूठ बदलली तेव्हा : आपापले अनुभव लिहा

गोदाकाठ
परवाच्या वादळी पावसात आमच्या इंदिरानगरच्या घरातील एका खिडकीची मूठ बुंध्यापासून तुटून हातात आली. ती घेऊन मेन रोडवरील एका हार्डवेअरच्या दुकानात गेले, तेव्हा दुकानदारांनी ती तळहातावर तोलून पाहिली आणि "ताई, ही पितळेची नाही, व्हाइट मेटलवर, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूवर, पितळेचे पाणी चढवले आहे," असे सांगितले. त्या बोलण्याने मला रविवार कारंजाजवळच्या आमच्या जुन्या वाड्याची फार आठवण झाली. तेथे वडील दरवर्षी मृग लागण्याआधी एक दिवस केवळ खिडक्यांसाठी राखून ठेवीत. प्रत्येक बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडायचे, ढिले स्क्रू आवळायचे आणि झडप उघडून-मिटून तिचा आवाज ऐकायचा, असा त्यांचा क्रम असे. बिजागरी उतरली आहे की कडी घासते आहे, हे त्यांना त्या आवाजावरून कळत असे.

नवी मूठ बसवण्याआधी मीही झडप नीट पाहिली. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाल्यामुळे झडप खाली झुकली होती आणि तिचा खालचा कोपरा चौकटीवर टेकत होता. म्हणजे खिडकी लावताना आम्ही सारे त्या मुठीने झडप उचलून बसवीत होतो. मूठ ही बसलेली झडप बंद राखण्यासाठी असते. झडप ओढून बसवण्याचा भार तिच्यावर टाकला तर पितळेची मूठही फार काळ टिकणार नाही. म्हणून आधी बिजागरी नीट केली, मग मूठ बसवली, आणि आता ती एका बोटाने फिरते. आपल्याकडील मूठ कशाने तुटली आणि नवी कशी मिळाली, हे कृपया सविस्तर लिहावे.

नवीन नाशिक
आमचे घर सिडकोच्या जुन्या योजनेतील असून खिडक्या लोखंडी चौकटीच्या आहेत. आमच्याकडे अपराधी रंग होता. दर काही वर्षांनी दिवाळीला ऑइल पेंटचा नवा हात मारला जातो आणि जुना खरवडण्याचे कष्ट कोणी घेत नाही, त्यामुळे मुठीची जीभ ज्या जागी चौकटीवर अडकते तेथे रंगाचे थर साचत गेले. जीभ त्या थरावरून रेटावी लागे, आणि शेवटी मुठीच्या मधला रिव्हेट झिजून मूठ लोंबू लागली.

ती काढणे हे बसवण्यापेक्षा कठीण काम होते. स्क्रूच्या माथ्यावरील खाच रंगाने पूर्ण बुजली होती. हॅक्सॉच्या तुटक्या ब्लेडच्या टोकाने ती कोरून मोकळी केली, गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर तसेच ठेवले आणि सकाळी स्क्रू ड्रायव्हर खाचेत नीट बसवून त्याच्या मागच्या टोकावर हातोडीचे हलके ठोके दिले. ठोक्याने आट्यांमधील गंज तडकतो. त्यानंतर स्क्रू आधी किंचित आवळण्याच्या दिशेने आणि मग सोडण्याच्या दिशेने फिरवला असता सुटला. एकाचा माथा उडाला, तेथे ड्रिल करून नवे आटे पाडून घ्यावे लागले. जागा उघडी पडली आहे तोवर गंज घासून रेड ऑक्साइड या गंजरोधक रंगाचा हात द्यावा, कारण मूठ बसल्यावर तिच्या पट्टीखाली ब्रश पोहोचत नाही.

दुकानात जुनी मूठ बरोबर नेणे अत्यंत आवश्यक आहे. या मुठींमध्ये डावी आणि उजवी असा भेद असतो, आणि नुसते वर्णन सांगून आणलेली वस्तू बहुधा उलट निघते. काही मुठींच्या जिभेला दोन खाचा असतात. दुसऱ्या खाचेत अडकवली की खिडकी बोटभर उघडी राहते. नाशिकच्या थंडीत वारा अंगावर न घेता खोलीत हवा खेळती ठेवायची असेल तर ती दुसरी खाच फार मोलाची आहे, म्हणून तशीच मूठ मागून घ्यावी.

भाडेकरू, कॉलेज रोड
आमच्या खिडकीची मूठ गेल्यापासून झडप दोरीने गजाला बांधून ठेवली आहे आणि रात्री वारा सुटला की ती आपटत राहते, त्यामुळे लहान बाळाची झोप मोडते. खिडकी अॅल्युमिनियमची, बाहेर उघडणारी आहे. घरमालक "बघू" असे म्हणतात. हे काम आम्ही स्वतः करू शकू का, आणि स्क्रू कोठे असतात, हे कोणी सांगेल का? मुठीवर एकही स्क्रू दिसत नाही.

गोदाकाठ
बाळाचे वाचून वाईट वाटले. आज रात्रीपुरते झडप आणि चौकट यांच्यामध्ये जाड कापडाची घडी दाबून ठेवावी आणि मग दोरी ताणून बांधावी, म्हणजे आपटण्याचा आवाज थांबेल.

सातपूर टूलरूम
आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की स्क्रू झाकणाखाली असतात. मूठ जेथे चौकटीला टेकते तेथील आयताकृती पातळ झाकण नखाने किंवा बोथट पट्टीने किंचित उचलून पाव फेरा फिरवावे, म्हणजे वर एक आणि खाली एक असे दोन स्क्रू दिसतील. मूठ खाली वळलेली असेल तर खालचा स्क्रू तिच्याआड जातो, म्हणून ती आधी आडवी, म्हणजे खिडकी उघडण्याच्या स्थितीत करावी. मूठ मोडून पडली असेल तर उरलेला बुंधा पकडीने फिरवता येतो. काही मुठींवर स्क्रूच्या जागी प्लास्टिकची लहान टोपी असते. ती सुईने निघते.

माप घेताना बाहेरील आकाराकडे पाहून निर्णय करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. महत्त्वाची मापे तीन. दोन स्क्रूंच्या केंद्रांमधील अंतर हे पहिले. यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) आणि अॅल्युमिनियमच्या युरोपीय धर्तीच्या मुठींत ते बहुतेक ४३ मिलिमीटर असते. मुठीच्या पाठीमागून आत जाणाऱ्या चौकोनी दांडीची जाडी हे दुसरे, आणि ती बहुधा ७ मिलिमीटर असते. तिसरे माप म्हणजे त्या दांडीची लांबी, आणि सर्वाधिक दुर्लक्ष तिच्याकडेच होते. दांडी आखूड असेल तर ती आतील यंत्रणेत पुरेशी शिरत नाही, दोन-चार वेळा फिरून मग नुसतीच घसरते. लांब असेल तर मुठीची पट्टी चौकटीला टेकतच नाही. लांब दांडी कापून कानसने साफ करता येते, म्हणून शंका असेल तेथे लांब घ्यावी. मात्र सर्वच मुठींना दांडी नसते. पुढे चोचीसारखी जीभ असलेल्या मुठीत जिभेची उंची हे चौथे माप मोजावे लागते.

मूठ काढल्यावर उघड्या चौकोनी छिद्रात स्क्रू ड्रायव्हर घालून आतील यंत्रणा हलकेच फिरवून पाहावी. ती अडकत असेल तर दोष मुठीचा नाही, आतल्या पट्टीचा आहे, आणि नवी मूठही त्याच वाटेने जाईल. गोदाकाठ यांनी बिजागरीबद्दल जे लिहिले आहे तेच येथेही खरे आहे. वंगणासाठी सिलिकॉन स्प्रे वापरावा. साधे तेल धूळ धरून ठेवते.

पंचवटीकर
२००८ च्या सप्टेंबरमधील पुरात आमच्या नदीकाठच्या घराच्या तळमजल्यात पाणी शिरले होते. पाणी ओसरल्यावर सागवानी खिडक्या फुगून चौकटीत अशा घट्ट बसल्या की उघडण्यासाठी ओढताच एका झडपेची मूठ स्क्रूंसकट उपटून आली. आमच्या घरी येणारे जुने मिस्त्री तेव्हा जे म्हणाले ते मी आजही पाळतो. त्यांनी रंधा मारायला स्पष्ट नकार दिला. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीच्या दिशेने जवळजवळ फुगत नाही, आणि सुकले की परत आवळते; पावसाळ्यात तासलेली झडप उन्हाळ्यात खुळखुळते आणि मग तिला कोणतीही मूठ घट्ट धरू शकत नाही. "दिवाळीपर्यंत थांबा, मग सांगतो किती काढायचे," असे ते म्हणाले, आणि दिवाळीनंतर पाहिले तर फक्त एका कडेला रंध्याचा एक हलका हात पुरेसा ठरला.

उपटलेल्या स्क्रूंची भोके मोठी झाली होती. त्यांत बांबूच्या काड्या फेव्हिकॉल लावून ठोकल्या, एक दिवस सुकू दिल्या, वर आलेली टोके पटाशीने सपाट केली आणि मग बारीक भोक पाडून स्क्रू फिरवले. नुसती लांबी (पुट्टी) भरून त्यात स्क्रू बसवणारे पुष्कळ जण आहेत, परंतु लांबीला पकड नसते. पितळी स्क्रू सागवानात थेट घालू नयेत, कारण पितळ मऊ असल्याने माथा पिळवटून तुटतो. त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मेण लावून आधी एकदा पूर्ण आत घालावा, तो काढावा आणि मग त्या तयार आट्यांत पितळी स्क्रू बसवावा. आमची ती मूठ २०१६ च्या ऑगस्टमधील पुरानंतरही जागची हलली नाही.

गोदाकाठ
पितळ आणि पाणी चढवलेला धातू यांतील फरक आपल्यासारख्यांनी घरी कसा ओळखावा? आमच्या दुकानदारांनी तो नुसत्या हाताने सांगितला.

तांबट आळीचा शेजारी
हाताला कळते ते वजनाने. सारख्याच आकाराच्या भरीव वस्तूंमध्ये पितळ जस्ताच्या मिश्रधातूपेक्षा सव्वापटीहून थोडे अधिक जड असते. घरी करायचे असेल तर मुठीच्या पाठीमागे, जेथे कोणाची नजर जात नाही, कानसचा एक फटका मारावा. आतही पिवळे दिसले तर पितळ, करडे-पांढरे दिसले तर व्हाइट मेटल. लोहचुंबक चिकटला तर ते पाणी चढवलेले लोखंड आहे. तुटलेली मूठ हाती असेल तर तिच्या तुटीकडेच पाहावे.

नाशिकच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांची कीर्ती मोठी आहे, म्हणून अनेक जण आमच्या भागात मूठ घडवून घेण्यासाठी विचारत येतात. परंतु भांड्याचे काम पत्र्याचे, ठोकून केलेले, आणि मूठ मात्र ओतीव असते. तिच्यासाठी साचा करणारा आणि ओतणारा कारागीर लागतो. जुन्या वाड्याच्या खिडकीला जोडीची मूठ हवी असेल तर शिल्लक असलेली एक मूठ नमुना म्हणून द्यावी. तिच्यावरून साचा घेता येतो. वाडे पाडले जातात तेव्हा असे जुने सामान भंगारात वजनावर विकले जाते, याचे मला मनापासून दुःख होते. ज्यांच्या घरी अशा कड्या आणि मुठी पडून आहेत त्यांनी त्या कृपया सांभाळून ठेवाव्यात.

गंगापूर रोडच्या आजी
माझ्या बोटांचे सांधे आखडलेले असल्यामुळे गोल आणि आखूड मुठी मला फिरवता येत नाहीत. मुलाने त्या काढून लांब दांडीच्या मुठी बसवल्या. लांबी दुप्पट झाली की निम्म्या जोराने काम होते, हे त्याने मला समजावून सांगितले, आणि तसा अनुभव मी रोज घेते. घरात वयस्क माणसे असतील तर मूठ बदलताना एवढा विचार अवश्य करावा.

भाडेकरू, कॉलेज रोड
झाकण फिरवल्यावर स्क्रू दिसले. दोन स्क्रूंमधील अंतर बरोबर ४३ मिलिमीटर भरले आणि आतील यंत्रणा मोकळी फिरते आहे. घरमालकांना छायाचित्र आणि मापे पाठवली, तेव्हा त्यांनी मूठ आम्ही आणावी आणि रक्कम भाड्यातून वजा करावी, असे लेखी कळवले. आता एक शंका आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, खिडकीला गज एकाच भागात आहेत आणि बाळ लवकरच उभे राहू लागेल. किल्लीची मूठ घ्यावी काय?

सातपूर टूलरूम
अवश्य घ्यावी, मापे तीच असल्याने ती त्याच दोन भोकांवर बसेल. परंतु किल्ली मुठीतच लावून ठेवू नये. ती खिडकीजवळ, मुलाच्या हाताला न लागणाऱ्या उंचीवर खिळ्याला अडकवावी आणि घरातील प्रत्येकाला ती जागा माहीत असावी, म्हणजे आग लागल्यास किंवा धूर झाल्यास खिडकी लगेच उघडता येईल. किल्लीच्या मुठीने बंद खिडकीच सुरक्षित होते, हवेसाठी उघडलेली नव्हे. म्हणून गज नसलेल्या भागाला झडप बोटभरापेक्षा जास्त उघडू न देणारी साखळी किंवा पट्टीही बसवून घ्यावी. स्क्रू हातानेच आवळावेत, कारण ड्रिल मशीनने आवळल्यास अॅल्युमिनियममधील आटे सहज निकामी होतात.