गेलिक फुटबॉल: हरला की घरी, हाच नियम बरा होता

रानवारा:
मी नऊ वर्षं डब्लिनमध्ये आहे. इथल्या मराठी मंडळींत गेलिक फुटबॉल (हाताने आणि पायाने खेळायचा आयरिश खेळ) बघणारे थोडे, म्हणून मुद्दाम मांडतोय. माझ्या मते अखिल आयर्लंड स्पर्धेचा (काउंटी म्हणजे जिल्ह्यांचे संघ, आधी आपापला प्रांत जिंकायचा, मग कप) अलीकडचा सर्वोत्तम हंगाम २०२० चा. कोविडमुळे सामने ऑक्टोबरअखेर सुरू झाले, अंतिम सामना १९ डिसेंबरला, स्टेडियम रिकामी. आणि वेळ नसल्यामुळे जुना नियम परत आला: एक हार, हंगाम संपला.

त्या नियमाने काय घडवलं बघा. केरी काउंटी त्या वर्षीची लीग ही वेगळी स्पर्धा जिंकून आलेली. पावसात कॉर्कविरुद्ध जादा वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणी मार्क कीनने गोल मारला आणि केरीचं वर्ष एका सामन्यात आटोपलं. मग २२ नोव्हेंबर. टिपरेरीने कॉर्कला ०-१७ विरुद्ध ०-१४ हरवून १९३५ नंतर पहिल्यांदा मन्स्टर प्रांत जिंकला. (आधीचा आकडा गोलांचा, एका गोलाचे तीन गुण; नंतरचा सुट्या गुणांचा.) त्याच दिवशी कॅव्हनने डोनेगॉलला हरवून १९९७ नंतर अल्स्टर जिंकला. हीच कॅव्हन महिन्याभरापूर्वी लीगच्या तिसऱ्या विभागात घसरली होती!

आदल्या दिवशी 'ब्लडी संडे'ला शंभर वर्षं झाली होती. २१ नोव्हेंबर १९२० ला क्रोक पार्कवर सामना चालू असताना ब्रिटिश फौजांनी गोळीबार केला, १४ जण गेले. त्यात टिपरेरीचा खेळाडू मायकल होगन होता. टिपरेरीचे खेळाडू त्याच्या काळचा पांढरा-हिरवा शर्ट घालून उतरले आणि जिंकले. उपांत्य फेरीत डब्लिन, मेयो, टिपरेरी, कॅव्हन. १९२० मध्येही हेच चार प्रांतविजेते होते. अजून अंगावर काटा येतो.

कट्टेकरी:
ठाम असहमत. काटा माझ्याही अंगावर आला, पण तो योगायोगाचा. नियमाचं श्रेय त्यात काय?

उपांत्य फेरीत काय झालं तेही सांगा ना. डब्लिनने कॅव्हनला पंधरा गुणांनी हरवलं. मेयोने टिपरेरीवर ५-२० मारले, त्यात एकट्या किलियन ओकॉनरचे ४-९. अंतिम सामन्यात तेराव्या सेकंदाच्या आत डीन रॉकचा गोल, शेवटी २-१४ विरुद्ध ०-१५, आणि डब्लिनचं सलग सहावं विजेतेपद. तेरा लाखांवर वस्ती, वर्षानुवर्षं इतरांपेक्षा कितीतरी जास्त विकासनिधी. लेन्स्टरच्या अंतिम सामन्यात मीथला एकवीस गुणांनी धुतलं. बाद पद्धतीने धक्के दिले ते डब्लिन सोडून सगळ्यांना.

आणि टिपरेरीचंच उदाहरण घेताय तर २०१६ आठवा. मन्स्टरची फायनल केरीकडून हरले, मग २००१ पासून असलेल्या 'मागच्या दाराने' (प्रांतात हरलेल्यांना दुसरी संधी) आत आले, गॉलवेला हरवून उपांत्य फेरी गाठली. तुमचा नियम तेव्हा असता तर?

रानवारा:
२०१६ चा मुद्दा मान्य, तो मी विसरलो होतो. पण मागच्या दाराचा खरा फायदा मोठ्यांना झाला. २००१ मध्ये पहिल्याच वर्षी गॉलवे रॉसकॉमनकडून हरली आणि तरी विजेती ठरली. टिरोन २००५ आणि २००८ मध्ये तसंच. रॉसकॉमनच्या माणसाने त्या विजयाचं करायचं काय? हरवलेला संघ सप्टेंबरमध्ये कप उचलतो, हे मला पटत नाही. निधीचा अन्याय आहेच, पण तो स्पर्धेच्या पद्धतीने दुरुस्त होणार नाही.

सांजवात:
दोघंही मोठ्या नावांवर बोलताय. स्लायगोचं काय?

त्या वर्षी स्लायगोच्या संघात कोविड शिरला आणि त्यांनी गॉलवेला पुढे चाल दिली. एक चेंडू न खेळता चॅम्पियनशिप संपली. हे खेळाडू बिनपगारी आहेत. दिवसा शाळेत शिकवायचं, बांधकामावर राबायचं आणि रात्री चिखलात सराव, तोही थंडीत. लीट्रिमसारख्या पस्तीस हजार वस्तीच्या काउंटीतला मुलगा दुसऱ्या काउंटीत सहजासहजी जाऊही शकत नाही. त्याला वर्षाला एकच सामना द्यायचा आणि त्याला थरार म्हणायचं, हा प्रेक्षकाचा न्याय झाला. म्हणून २०२२ पासूनचा टेल्टन कप, म्हणजे खालच्या संघांची वेगळी स्पर्धा, मला जास्त मोलाचा वाटतो. खालच्या संघांना जिंकण्याजोगे सामने मिळतात.

रानवारा:
स्लायगोबद्दल वाईट वाटतं, पण तो आजाराचा दोष होता. टेल्टन कप हवाच, तो वेगळा चालू दे. वरच्या कपासाठी मात्र एकच संधी. २०२१ मध्येही बाद पद्धतच होती आणि त्याच वर्षी मेयोने जादा वेळेत डब्लिनची घोडदौड थांबवली. कट्टेकरी, डब्लिनला धक्का बसला की नाही?

सांजवात:
२०२१ चंच घ्या मग. टिरोनच्या संघात कोविड पसरला, संघ माघार घेण्याच्या बेतात होता. केरीने मन मोठं केलं, उपांत्य सामना पुढे ढकलला गेला. टिरोनने तो जादा वेळेत एका गुणाने जिंकला आणि मग मेयोला हरवून कप नेला, तोही २-१४ विरुद्ध ०-१५ याच गुणांनी. म्हणजे कप ठरला तो तारीख हलवल्यामुळे. आदल्या वर्षी तारखा इतक्या खेटून लावल्या होत्या की स्लायगोसाठी थांबायला जागाच ठेवली नव्हती.