मोठ्या दुःखात टिकलेला विश्वास रोजच्या चिडचिडीत कुठे जातो?

तापीकाठ (भुसावळ) – प्रश्न

सर्वांना सलाम. मी भुसावळचा राहणारा असून जळगावात बी-बियाणे आणि खतांच्या एका दुकानात नोकरीला आहे. मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात काम करतो आणि शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या बायबल-वर्गात, शिकवतो. बरेच दिवस मनात घोळत असलेला एक प्रश्न येथे विचारतो. कृपया त्याला केवळ स्वभावाची तक्रार समजू नये.

वडील वारले तेव्हा आमच्या घराने जे सोसले ते प्रभूच्या आधारानेच सोसले, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. त्या काळात मंडळीतली माणसे रोज घरी येत, स्तोत्रे वाचली जात, आणि रडू येत असतानाही आपण कोणाच्या तरी हातात सुरक्षित आहोत ही जाणीव सुटत नसे. आता तसे कोणतेही संकट नाही. आई बरी आहे, नोकरी आहे, पगार होतो. तरीही या उन्हाळ्यापासून माझे मन सतत धुमसत असते. पहाटे उठून पाणी भरायचे, कारण नळ कधी येईल याचा नेम नसतो. मग दुचाकीवरून जळगाव गाठायचे. आणि दुकानात पोचताच बागायती कापसाच्या बियाण्यासाठी उभी असलेली गर्दी अंगावर घ्यायची. प्रत्येकाला एकच वाण हवे असते, कारण शेजाऱ्याच्या शेतात गेल्या वर्षी तेच चांगले पिकलेले असते. ते वाण आलेले नाही, हे सांगण्याचे काम माझे. पाकिटाची किंमत सरकारने ठरवून दिलेली असते, त्यामुळे मालकांना त्यात फारसे सुटत नाही. म्हणून मागणीच्या वाणासोबत एखादे औषध किंवा खताची गोणी घ्यायला लाव, असे मला सांगितले जाते. शेतकरी माझ्यावर चिडतात, मालक माझ्यावर चिडतात, आणि हंगामात रविवारीही दुकान उघडे असल्यामुळे सकाळची उपासना चुकते.

त्यात एक सहकारी परवा म्हणाला, ‘तुम्ही ख्रिस्ती लोक तर क्षमा करणारे, मग तू एवढा कसा तापतोस?’ तो वाईट हेतूने बोलला नव्हता. पण ते वाक्य माझ्या मनातून जात नाही, कारण हाच प्रश्न मी स्वतःला विचारत होतो.

रात्री प्रार्थनेला बसलो की मी उपकारस्तुती करतो, मंडळीतल्या आजारी माणसांसाठी मागतो आणि उठतो. दुकानातल्या गोष्टींविषयी बोलावे असे वाटते, पण ज्या देवाने एवढ्या मोठ्या दुःखातून बाहेर काढले त्याच्यापुढे बियाण्याच्या पाकिटांची आणि नळाच्या पाण्याची रडगाणी काय गायची, असे वाटून मी गप्प राहतो. घरी आम्ही अहिराणी बोलतो, प्रार्थना मात्र शास्त्रातल्या मराठीत करतो, आणि त्या मराठीत या गोष्टी मांडताच येत नाहीत.

तेव्हा माझे विचारणे असे आहे की, ही चिडचिड म्हणजे विश्वासाची उणीव समजावी काय? आणि असल्या किरकोळ गोष्टी प्रार्थनेत आणणे योग्य आहे काय? रानात कुरकुर करणाऱ्या इस्राएल लोकांना देवाने शिक्षा केली, हे मी दर वर्षी मुलांना शिकवतो.

निवृत्त शिक्षक (धुळे)

बंधू, सलाम. आपण शेवटी ज्या प्रसंगाचा उल्लेख केला आहे, त्याच प्रसंगात आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते. फक्त तो अध्याय शेवटपर्यंत वाचायला हवा. बायबलातल्या गणना या पुस्तकाचा ११ वा अध्याय काढावा. लोकांना मान्ना, म्हणजे देवाने रानात दिलेले अन्न, खाऊन कंटाळा आला आहे, आणि मिसरातले (इजिप्तमधले) मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण त्यांना आठवत आहेत. आपल्या खानदेशी माणसाला कांद्या-लसणाशिवाय जेवण जात नाही, त्यामुळे त्यांचे दुःख आपण तरी क्षुल्लक मानू नये. देव त्यांच्यावर संतापला, हे खरे. शब्बाथशाळेत आपण सगळेच येथवर शिकवतो.

पण त्याच अध्यायात आणखी एक माणूस तक्रार करतो, आणि त्याची तक्रार लोकांच्या तक्रारीपेक्षा कितीतरी कडक आहे. त्या लोकांचा पुढारी मोशे देवाला विचारतो की, या सगळ्या लोकांना मी जन्म दिला काय, की तान्ह्या बाळासारखे त्यांना उराशी धरून न्यावे? यांना खायला मांस मी कोठून आणू? हा भार मला एकट्याला उचलवत नाही. तू मला असेच वागवणार असशील तर मला मारून टाक. हे शब्द कोणा अविश्वासू माणसाचे नाहीत. आणि देव त्याला एका शब्दानेही दोष देत नाही. तो सत्तर वडील निवडायला सांगतो आणि मोशेचा भार त्यांच्यात वाटून देतो.

दोघांच्या तक्रारींत फरक कोणता? विषय तर जवळजवळ एकच आहे, खाण्यापिण्याचा. माझ्या समजुतीप्रमाणे फरक एवढाच आहे की, लोक आपापल्या डेऱ्यांच्या दाराशी बसून एकमेकांत रडत होते आणि मोशे देवाकडे तोंड करून बोलला. लोकांनी देवाविषयी तक्रार केली, मोशेने देवाजवळ केली. त्यामुळे आपण रात्री प्रार्थनेत जे गिळून टाकता तेच बोलण्याजोगे आहे, असे मी म्हणेन. आपण ते तेथे बोलत नाही म्हणून ते दुकानात बाहेर पडत असावे.

स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रे पाहा. त्यांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची किंवा गाऱ्हाण्याची आहेत. १३ वे स्तोत्र सहाच ओव्यांचे आहे, आणि त्याच्या पहिल्या दोन ओव्यांत दावीद देवाला चार वेळा ‘कोठवर’ असे विचारतो. अशी स्तोत्रे ज्या लोकांनी उपासनेत गाण्यासाठी जपून ठेवली, त्यांनी गाऱ्हाणे हाही भक्तीचा भाग मानला होता.

अहिराणीविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. मी माध्यमिक शाळेत आयुष्यभर शुद्ध मराठी शिकवली आणि तिच्यावर माझे प्रेम आहे. पण माझ्या आईने केलेल्या प्रार्थना सगळ्या अहिराणीत होत्या आणि तिच्या बोलण्यात देवाशी जी सलगी होती ती मला पुस्तकी मराठीत कधी साधली नाही. ज्या बोलीत आपल्याला राग येतो त्याच बोलीत तो राग देवाला सांगावा. त्याला समजेल.

परिचारिका (नवापूर)

मी सरांच्या म्हणण्याशी सहमत आहे, पण दादा, तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट मला प्रथम दिसली. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्या उन्हात तुम्ही रोज दुचाकीवरून जाता-येता, पहाटे उठता आणि दिवसभर काउंटरला उभे राहता. त्या काळात आमच्या वॉर्डात उष्णतेने बेजार झालेले रुग्ण येतात तेव्हा त्यांचे नातेवाईक सांगतात की, हे दोन दिवसांपासून उगाचच भांडत होते. शरीरातले पाणी आणि क्षार कमी झाले आणि झोप अपुरी झाली की माणूस चिडतोच. हा विश्वासाचा प्रश्न होण्याआधी शरीराचा प्रश्न आहे.

एलीया संदेष्ट्याचे उदाहरण पाहा. कर्मेल डोंगरावर देवाचे एवढे मोठे कार्य पाहिल्यावर तो रानात पळून गेला आणि एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवले आणि ‘ऊठ, खा’ म्हटले. तो खाऊन पुन्हा झोपला, तेव्हा दुसऱ्यांदा उठवून खायला घातले, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची होती. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलला तो त्यानंतर, चाळीस दिवसांची चाल झाल्यावर. तेव्हा डोक्याला रुमाल बांधा, सोबत लिंबू-मीठ-साखरेचे पाणी ठेवा, आणि दुपारी पंधरा मिनिटे तरी सावलीत बसायला मिळेल अशी व्यवस्था मागून घ्या. हे सांगताना मी प्रार्थनेला कमी लेखत नाही.

गिरणाकाठची (चाळीसगाव)

वरची दोन्ही उत्तरे चांगली आहेत, परंतु दोन्हींत एक गोष्ट निसटली आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दादांनी नळाचे पाणी, ऊन, गर्दी आणि मालकांचा आदेश या सगळ्या गोष्टी एका रांगेत मांडल्या आहेत. त्या एका रांगेतल्या नाहीत. हव्या त्या बियाण्यासोबत नको असलेले औषध किंवा खत शेतकऱ्याच्या गळ्यात मारणे, ज्याला आपल्याकडे सरळ लिंकिंग म्हणतात, ते नियमाविरुद्ध आहे. माझे वडील कोरडवाहू शेतकरी आहेत. पेरणीच्या तोंडावर उसनवारीने उभे केलेल्या पैशातून नको ती बाटली घेऊन ते घरी येतात, तेव्हा आमच्या घरात काय होते ते मी पाहिले आहे.

म्हणून मला विचारावेसे वाटते की, तुम्हाला येणारा राग हा खरोखर चिडकेपणा आहे काय? की जे करायला सांगितले जात आहे ते तुमच्या अंतःकरणाला पटत नाही, आणि तेच शेतकऱ्यांवर, सहकाऱ्यावर आणि घरच्यांवर निघते? आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ८ वा अध्याय वाचा. शब्बाथ (विसाव्याचा पवित्र दिवस) कधी संपतो आणि आपण धान्य कधी विकायला काढतो याची वाट पाहणारे, माप लहान करणारे आणि गव्हाचे भूसदेखील गरिबाला विकणारे व्यापारी तेथे आहेत, आणि त्यांच्यावर देव स्वतः रागावलेला आहे. अशा ठिकाणी शांत राहता येणे हीच मला काळजीची गोष्ट वाटली असती.

क्षमाशील असणे म्हणजे गप्प बसणे, असा समज आपल्या मंडळ्यांमध्येही फार आहे. पंडिता रमाबाईंचा १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर मठातल्या ज्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला त्यांच्याशीच त्यांनी पत्रांतून आपल्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी निर्भीडपणे वाद घातला. त्यांची श्रद्धा त्यामुळे उणी झाली नाही. खरीप हंगामात कृषी विभाग तालुका आणि जिल्हा पातळीवर तक्रार निवारण कक्ष उघडतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. लगेच तेथे जा असे मी म्हणत नाही, तुमच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण मालकांशी एकदा स्पष्ट बोला.

उपासक (जळगाव)

सहकाऱ्याच्या वाक्याविषयी थोडेसे. लक्ष्मीबाई टिळकांनी (१८६८–१९३६) आपल्या आठवणींत पती रेव्हरंड टिळकांचा तापटपणा कोठेही झाकला नाही. ज्या माणसाची भजने आपण दर रविवारी डोळे मिटून गातो, तो घरात किती लवकर भडकत असे, हे त्यांनी प्रेमाने आणि स्पष्टपणे लिहिले आहे. ते वाचून त्या भजनांवरचा माझा विश्वास वाढलाच. सहकाऱ्याला एवढेच सांगावे की, आम्ही क्षमा करणारे आहोत त्याहून अधिक क्षमेची गरज असणारे आहोत.

तापीकाठ (भुसावळ)

सर्वांचे मनापासून आभार. चाळीसगावच्या ताईंचे उत्तर मी रात्री पुन्हा पुन्हा वाचले. लिंकिंगची गोष्ट मी लिहिताना ओघात लिहून गेलो होतो, पण प्रश्न लिहायला बसण्याचे खरे कारण तेच असावे असे आता वाटते. गर्दी गेल्या वर्षीही होती आणि ऊनही होते. हा आदेश मात्र या हंगामात नवीन आहे. ग्राहकाला औषध घ्यायचे की नाही हे मी विचारीन, परंतु त्याशिवाय बियाणे देणार नाही असे माझ्या तोंडून म्हणणार नाही, एवढे मालकांना सांगण्याचे ठरवले आहे. ते काय म्हणतील हे सांगता येत नाही. आईला याची कल्पना दिली आहे. तिने प्रथम पगाराचे विचारले आणि मग ‘मालकांना सांग’ म्हणाली.

सर, काल प्रार्थना अहिराणीत केली. सुरुवातीला फार अवघड गेले. आपल्याला एक विचारायचे आहे. मोशेला सत्तर माणसे मिळाली. माझ्यासारख्याने ही गोष्ट मंडळीत कोणाजवळ बोलावी? तरुण संघात साक्ष देतात ती जिंकल्यावरची असते. अजून मधेच असलेल्या गोष्टीविषयी तेथे कोणी बोलत नाही.

निवृत्त शिक्षक (धुळे)

बंधू, आपल्या पाळकसाहेबांजवळ आधी बोलावे, आणि मालकांकडे जाण्यापूर्वी बोलावे; म्हणजे त्या दिवशी आपल्यासाठी प्रार्थना करणारे कोणीतरी असेल. तरुण संघात साक्ष द्यायची नसेल तर १३ वे स्तोत्र वाचायला घ्या आणि प्रत्येकाला आपला ‘कोठवर’ कोणता ते विचारा. आपल्यासारखे नोकरी करणारे, परीक्षांच्या निकालाची वाट पाहणारे कितीतरी जण त्या खोलीत बसलेले असतील. रविवारच्या सकाळच्या उपासनेचे म्हणाल, तर हंगाम संपेपर्यंत आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी घरगुती प्रार्थनासभा ठेवता येईल काय, हेही पाळकसाहेबांना विचारा. भुसावळात रेल्वेच्या पाळ्यांमुळे अशी गरज आणखी अनेक घरांना असणार. मालकांशी बोलणे झाले की येथे अवश्य कळवा, उत्तर काहीही आले तरी.