विनंतीबरोबर व्हेरिएबल संपणे: पीएचपीची उणीव की बळ?

धागाकर्ता

पीएचपी या वेबसाइटसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत ब्राउझरकडून आलेली एक विनंती पूर्ण झाली की स्क्रिप्टमधील सगळी व्हेरिएबल्स, ग्लोबल असोत वा फंक्शनमधील स्टॅटिक (फंक्शन संपल्यावरही मूल्य जपणारी), नाहीशी होतात आणि पुढची विनंती कोऱ्या पाटीवर सुरू होते. स्वूल, रोडरनर किंवा फ्रँकेनपीएचपी यांसारख्या साधनांचा वर्कर मोड (एकच प्रक्रिया अनेक विनंत्यांसाठी जिवंत ठेवण्याची पद्धत) वापरून हे बंधन सरसकट काढून टाकावे, हा आग्रह मला घातक वाटतो. समजा, एक फंक्शन लॉगिन केलेल्या वापरकर्त्याची नोंद डेटाबेसमधून आणून स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवते आणि ते रिकामे असेल तरच पुन्हा क्वेरी करते. पीएचपी-एफपीएमवर, म्हणजे पीएचपी चालवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, ही निरुपद्रवी बचत आहे. वर्कर मोडमध्ये मात्र प्रक्रिया जिवंत राहत असल्याने पहिल्या वापरकर्त्याची नोंद दुसऱ्याच्या पडद्यावर उमटते, आणि एकट्याने चाचणी करताना हा दोष दिसतही नाही.

प्रतिसाद १

असहमत. हा दोष त्या फंक्शनचा आहे. नोड (सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट) आणि जावामध्ये प्रक्रियेइतकी जगणारी व्हेरिएबल्स नेहमीचीच आहेत आणि तिथले प्रोग्रामर ती सांभाळतात. ऑपकॅशमुळे, म्हणजे संकलित कोड मेमरीत जपणाऱ्या सोयीमुळे, संकलन वाचते, पण फ्रेमवर्कची उभारणी प्रत्येक विनंतीला नव्याने होतेच. शिवाय कोऱ्या पाटीने पीएचपीला तरी कुठे वाचवले? रजिस्टर ग्लोबल्स ही जुनी सेटिंग चालू असताना वेबपत्त्यातील पॅरामीटर थेट ग्लोबल व्हेरिएबल बनत असे, त्यामुळे आरंभमूल्य न दिलेले ‘अ‍ॅडमिन’ कोणीही बाहेरून भरू शके. २००२ मध्ये ४.२.० आवृत्तीत ते मुळात बंद ठेवले गेले आणि २०१२ मध्ये ५.४ मधून काढलेच. स्कोपची, म्हणजे व्हेरिएबल कुठवर पोहोचते याची, शिस्त तेव्हाही लागतच होती.

धागाकर्ता

उदाहरण योग्य आहे, पण तिथे हल्लेखोराला मुद्दाम काहीतरी करावे लागे. इथे कोणाचाही वाईट हेतू नसताना माहिती फुटते. जे टिकवायचे ते सेशनमध्ये (एका वापरकर्त्याची विनंत्यांपलीकडे जपलेली माहिती) किंवा डेटाबेसमध्ये नाव घेऊन ठेवावे. फाइलवरील सेशनला कुलूप लागते आणि त्याच वापरकर्त्याची दुसरी विनंती खोळंबते, हे खरे. म्हणून लिहून झाल्याबरोबर सेशन बंद करावे.

प्रतिसाद २

मी प्रतिसाद १ च्या बाजूचा आहे, पण एका अटीवर. सर्वांसाठी समान असलेली संरचना आणि राउट (कोणत्या पत्त्याला कोणता कोड उत्तर देतो याची यादी) तेवढेच प्रक्रियेत राहू द्यावेत. वापरकर्त्याशी निगडित प्रत्येक गोष्ट विनंतीच्या ऑब्जेक्टमधून पुढे द्यावी. ठराविक विनंत्यांनंतर वर्कर नव्याने सुरू केल्याने मेमरीची गळती आटोक्यात राहते, मात्र माहितीची सरमिसळ तेवढ्याने थांबत नाही. आणि डेटाबेसची जोडणी उघडी ठेवणार असाल, तर अर्धवट राहिलेला व्यवहार (ट्रान्झॅक्शन) पुढच्या विनंतीपूर्वी मागे घेतला जातो का, हे आधी तपासा.