अ‍ॅस्टरनं (बग आपोआप दुरुस्त करणाऱ्या साधनानं) काढलेला पॅच जेडीबीत (जावाच्या डीबगरमध्ये) उघडून तपासायचा आहे. सस्पेंड केलं की सगळेच उमेदवार पॅच नापास होतात

सोर्सपाथ

उबुंटूच्या डॉकर कंटेनरमध्ये जावा ८, डिफेक्ट्सफोरजे २.०.० (खऱ्या जावा प्रकल्पांतल्या बगांचा संच) आणि अ‍ॅस्टर अशी मांडणी आहे. बग मॅथ-७० (त्या संचातल्या मॅथ प्रकल्पाचा ७० क्रमांकाचा बग). अ‍ॅस्टर जेजेनप्रोग मोडमध्ये (कोडमधलीच विधानं उचलून पॅच शोधणारी पद्धत) चालतो, ओळ तपासायला घेण्यासाठी संशयाची किमान मर्यादा (एफएलथ्रेशोल्ड) ०.५ आहे. पहिल्याच पॅचवर थांबू नये म्हणून स्टॉपफर्स्ट फॉल्स ठेवलं आहे.

पॅचनं सगळ्या टेस्ट पास केल्या म्हणून तो लगेच स्वीकारायचा नाही. मूळ कोड आणि पॅच लावलेला कोड एकाच जागी थांबवून दोन्हीकडची व्हेरिएबल्स शेजारीशेजारी बघायची आहेत. त्यासाठी जावा_टूल_ऑप्शन्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये जेडीडब्ल्यूपी एजंट (डीबगरला बाहेरून जोडू देणारा) टाकला: ट्रान्सपोर्ट डीटी_सॉकेट, सर्व्हर वाय, सस्पेंड वाय (डीबगर जोडेपर्यंत थांबा), पोर्ट ५००५. त्यावर असं होतं:

१. डिफेक्ट्सफोरजे टेस्ट चालवली की जेडीबी जोडला जातो, पण बग असलेला बायसेक्शनसॉल्व्हर क्लास कधीच लोड होत नाही. ब्रेकपॉइंट डिफर्डच (क्लास लोड होण्याची वाट बघत) राहतो.
२. थोड्या वेळानं "ट्रान्सपोर्ट एरर २०२, बाइंड फेल्ड, अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज".
३. हेच व्हेरिएबल ठेवून अ‍ॅस्टर चालवला तर एकूणएक उमेदवार नापास.
४. एकदा कसाबसा थांबलो, तर लोकल्स (लोकल व्हेरिएबल्स दाखवणारा आदेश) म्हटल्यावर व्हेरिएबलची माहिती उपलब्ध नाही असं उत्तर आलं.

योग्य रचना काय असावी? दुसऱ्या काही बगांत जी ओळ मला उघड संशयास्पद वाटते ती अ‍ॅस्टरच्या यादीतच येत नाही, त्याचंही कारण कळलं तर हवं आहे.

जेव्हीएम_वाचक

पहिल्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. जावा_टूल_ऑप्शन्स त्या शेलमधून जन्मणाऱ्या प्रत्येक जेव्हीएमला (जावा चालवणाऱ्या प्रोसेसला) लागू होतं. डिफेक्ट्सफोरजेची पर्ल स्क्रिप्ट आधी अँट (बिल्डचं साधन) सुरू करते आणि अँट टेस्टसाठी वेगळा जेव्हीएम फोर्क करतो. ५००५ अँटच पकडून बसतो. तुमचा जेडीबी अँटला जोडला गेला होता, तिथे बायसेक्शनसॉल्व्हर येणार कुठून? तुम्ही पुढे जाऊ दिलंत की फोर्क झालेला जेव्हीएम तेच पोर्ट मागतो आणि २०२ देऊन मरतो. अ‍ॅस्टरचंही तेच: प्रत्येक उमेदवाराच्या टेस्ट तो वेगळ्या प्रोसेसमध्ये, वेळेची मर्यादा घालून चालवतो. ती प्रोसेस पोर्टवर अडखळली किंवा डीबगरची वाट बघत बसली, की अ‍ॅस्टरच्या दृष्टीनं तो उमेदवार नापास. वेळमर्यादा वाढवून हा प्रश्न सुटणार नाही, कारण शेकडो उमेदवार असतात आणि प्रत्येकापाशी माणूस बसू शकत नाही.

म्हणून शोधाच्या आत डीबगर घालूच नका. शोध पूर्ण होऊ द्या, पॅच हाती आला की तो वेगळ्या प्रोसेसमध्ये उघडा. ते व्हेरिएबल अनसेट करा आणि पुढची मांडणी करा.

मॅथ-७०बीच्या (बग असलेल्या आवृत्तीच्या) दोन स्वतंत्र प्रती चेकआउट करा, समजा "मूळ" आणि "पॅच". ७०एफ, म्हणजे दुरुस्त आवृत्ती, आत्ता घेऊ नका. उत्तर आधी पाहिलं की पॅचकडे स्वच्छ नजरेनं बघता येत नाही. "पॅच" प्रतीत मिळालेला पॅच लावा. दोन्ही प्रती कंपाइल करा. मग डिफेक्ट्सफोरजे एक्सपोर्ट वापरून डीआयआर.एसआरसी.क्लासेस, डीआयआर.बिन.क्लासेस, सीपी.टेस्ट (टेस्टचा क्लासपाथ) आणि टेस्ट्स.ट्रिगर (बग उघड करणाऱ्या टेस्ट) या चार किमती काढा. फोल्डरची नावं अंदाजानं लिहू नका: मॅथच्या अलीकडच्या बगांत स्रोत एसआरसी/मेन/जावामध्ये असतो, ८५ पासूनच्या जुन्या बगांत एसआरसी/जावामध्ये. अ‍ॅस्टरच्या एसआरसीजावाफोल्डर आणि बिनजावाफोल्डर या पर्यायांनाही याच किमती द्या.

मग टेस्ट डिफेक्ट्सफोरजेमार्फत न चालवता थेट ज्युनिटकोअरनं (ज्युनिटचा टेस्ट चालवणारा क्लास) चालवा. क्लासपाथ म्हणजे सीपी.टेस्टमधून आलेली ओळ (ज्युनिटची जार त्यात दिसली नाही तर हातानं जोडा), चालवायचा क्लास बायसेक्शनसॉल्व्हरटेस्ट. एजंटचा पर्याय त्याच एका जावा आदेशावर लिहा. मूळ प्रतीला ५००५, पॅच प्रतीला ५००६. टीमक्सच्या (टर्मिनलचे भाग पाडणारं साधन) दोन खिडक्यांत दोन जेडीबी जोडा आणि प्रत्येकाला आपापल्या प्रतीचा सोर्सपाथ (स्रोत कोडचा पत्ता) द्या. तो चुकला तर लिस्ट आदेश दुसऱ्याच प्रतीचा कोड दाखवतो आणि नजरेला काही खटकतही नाही.

ब्रेकपॉइंट ओळक्रमांकावर लावू नका. अ‍ॅस्टर स्पून या जावा कोड बदलणाऱ्या लायब्ररीच्या मदतीनं स्रोत नव्यानं छापतो, त्यामुळे ओळी वरखाली होतात. मेथडच्या नावानं लावा. सॉल्व्ह मेथड या क्लासमध्ये चार रूपांत आहे, म्हणून जेडीबी नुसतं नाव घेत नाही, आर्ग्युमेंटचे प्रकार मागतो. पॅकेजसकट पूर्ण नाव लिहा आणि कंसात मध्ये जागा सोडू नका: युनिव्हेरिएटरिअलफंक्शन, मग तीन वेळा डबल. ज्युनिटकोअर त्या क्लासमधल्या सगळ्या टेस्ट चालवतो, म्हणून पहिला ब्रेकपॉइंट टेस्टमॅथ३६९ या नापास टेस्टवर ठेवा. तिथे थांबलात की मग सॉल्व्हवरचा लावा आणि कॉन्ट (पुढे चालू) म्हणा.

चौथी तक्रार: क्लास फाइलमध्ये व्हेरिएबलचं टेबल नाही. जावासीला (जावाच्या कंपायलरला) वेगळं काही सांगितलं नाही तर तो ओळक्रमांक लिहितो, पण लोकल व्हेरिएबल्स लिहीत नाही. अँटच्या टास्कमध्ये डीबग ऑन नसेल तर ओळक्रमांकही जातात. ती एक फाइल जावासी -जी (डीबगची पूर्ण माहिती लिहिण्याचा पर्याय) लावून पुन्हा कंपाइल करा, बाकी प्रकल्पाला हात लावायची गरज नाही.

कंटेनरकाठी

वरच्याला जोड म्हणून तीन गोष्टी.

जावा ८ मध्ये अ‍ॅड्रेस=५००५ लिहिलं की एजंट सगळ्या इंटरफेसवर ऐकतो. जावा ९ पासून तो फक्त लोकलहोस्टवर ऐकतो, त्यामुळे जावा ११ मागणाऱ्या डिफेक्ट्सफोरजे ३ वर गेलात की कंटेनरबाहेरून जोडणी होणार नाही. तिथे *:५००५ लिहावं लागतं. आणि डॉकरमध्ये पोर्ट उघडताना पुढे १२७.०.०.१ जरूर लावा. जेडीडब्ल्यूपीला पासवर्ड वगैरे काही नसतो, जो जोडला जाईल तो त्या जेव्हीएममध्ये हवा तो कोड चालवू शकतो. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या नेटवर्कवर हे पोर्ट उघडं टाकणं फार धोक्याचं आहे.

टाइमझोन: डिफेक्ट्सफोरजे आपल्या टेस्ट अमेरिका/लॉस_एंजेलिस धरून चालवतो. तुम्ही ज्युनिटकोअर थेट चालवलात की ती सोय गेली. कंटेनर बहुधा यूटीसीवर असतो आणि आपला लॅपटॉप एशिया/कोलकातावर. मॅथमध्ये फरक पडणार नाही, पण टाइम आणि लँग प्रकल्पांत पॅचशी संबंध नसलेल्या टेस्ट नापास होऊ शकतात. शेलमध्ये टीझेड सेट करा, म्हणजे अ‍ॅस्टरनं काढलेल्या प्रोसेसनाही तेच मिळेल.

आता यादीत न येणाऱ्या ओळींबद्दल. संशयाचा आकडा ओचियाई सूत्रानं येतो. त्या ओळीवरून गेलेल्या नापास टेस्टची संख्या वर; खाली एकूण नापास टेस्ट आणि त्या ओळीवरून गेलेल्या सगळ्या टेस्ट यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. नापास टेस्ट एकच असेल आणि त्याच ओळीवरून ४ पास टेस्टही जात असतील तर १ भागिले ५ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.४४७. तुमची मर्यादा ०.५, ओळ बाद! ९ पास टेस्ट असतील तर ०.३१६. बऱ्याच ठिकाणाहून बोलावल्या जाणाऱ्या मेथडमधला बग ०.५ च्या मर्यादेत जवळपास सापडतच नाही. ०.१ पर्यंत उतरा. उमेदवार वाढतील, शोध लांबेल, पण दोष असलेली ओळ यादीतच नसेल तर तिथे दुरुस्ती कधीच होणार नाही.

फरकशोध

दोन्ही खिडक्या जुळल्या की नेमकं काय बघायचं, ते लिहितो. या खटाटोपाचं मोल तिथेच आहे.

मॅथ-७० मध्ये चार आर्ग्युमेंटवाली सॉल्व्ह मेथड मिळालेलं एफ टाकून देते आणि नुसतं मिन, मॅक्स पुढे पाठवते. दोन आर्ग्युमेंटवाली मेथड मग ऑब्जेक्टमधलं एफ हे फील्ड वापरते, आणि टेस्टनं सॉल्व्हर रिकाम्या कन्स्ट्रक्टरनं बनवलेला असल्यामुळे ते नल असतं. चार आर्ग्युमेंटच्या मेथडमध्ये थांबून प्रिंट एफ आणि प्रिंट धिस.एफ दोन्ही करा: पहिल्यात साइनफंक्शन दिसेल, दुसऱ्यात नल. मग तीन आर्ग्युमेंटच्या सॉल्व्हवर ब्रेकपॉइंट लावून कॉन्ट करा आणि व्हेअर (कॉल स्टॅक दाखवणारा आदेश) म्हणा. मूळ प्रतीत सॉल्व्हच्या तीन फ्रेम एकावर एक दिसतात, बरोबर पॅचमध्ये दोनच, कारण मधली पायरी गळते. मूळ प्रत पुढे एफ.व्हॅल्यू(मिन) इथे नलपॉइंटरएक्सेप्शन देते. पॅच प्रतीत ३.० ते ३.२ ही ०.२ रुंदीची कक्षा प्रत्येक फेरीत अर्धी होते. अचूकतेची मर्यादा १०⁻⁶ आहे, म्हणजे १८ फेऱ्या, आणि सेटरिझल्टपाशी आय (शून्यापासून मोजणारा फेऱ्यांचा काउंटर) १७ असला पाहिजे. उत्तर पायजवळ आलं पण आय १७ नाही, असं दिसलं तर ते उत्तर कुठल्या तरी भलत्याच वाटेनं आलं आहे.

जेजेनप्रोगला हा बग सुटण्याचं कारणही इथेच दिसतं: हवं ते विधान, सॉल्व्ह(एफ, मिन, मॅक्स), त्याच क्लासमध्ये दुसऱ्या मेथडमध्ये जसंच्या तसं पडलेलं आहे. तो नवं विधान रचत नाही, असलेलं उचलून आणतो.

पण सगळे बग इतके सरळ नसतात. मॅथ-८५ घ्या. ब्रॅकेट मेथडच्या शेवटी एफए गुणिले एफबी (दोन टोकांवरच्या फंक्शनच्या किमती) शून्य किंवा त्याहून मोठं असेल तर एक्सेप्शन फेकलं जातं. खरी दुरुस्ती म्हणजे तिथे फक्त "मोठं" ठेवणं, कारण टोकावरच मूळ (फंक्शन शून्य होतं ती जागा) सापडलं तर गुणाकार शून्य येतो आणि ते उत्तर बरोबरच असतं. समजा तुमच्या हाती आलेला पॅच ती अट कायमची खोटी करतो किंवा थ्रो काढूनच टाकतो. नापास टेस्ट त्यानंही पास होईल. अशा वेळी टेस्ट संचात नसलेलं इनपुट हातानं द्या: एक्स वर्ग अधिक १, सुरुवात ०, सीमा उणे ५ ते ५, फेऱ्या १००. या फंक्शनला वास्तव मूळ नाही. लूप सीमांवर येऊन थांबतो, एफए २६, एफबी २६, गुणाकार ६७६. बरोबर पॅच इथे एक्सेप्शन देतो, थ्रो उडवणारा पॅच उणे ५ आणि ५ निमूटपणे परत करतो. दोन मिनिटांचं काम, आणि पॅचचा निकाल लागतो.

ही काळजी का, त्याला आधार आहे. २०१५ साली जेनप्रोगच्या (जेजेनप्रोग ज्यावरून आला ते सी भाषेसाठीचं साधन) जुन्या निकालांची फेरतपासणी झाली तेव्हा १०५ पैकी ५५ बगांसाठी दिलेल्या पॅचमधून खरोखर बरोबर फक्त २ बगांचे निघाले. पुढे डिफेक्ट्सफोरजेच्या २२४ बगांवर जेजेनप्रोग, जेकाली आणि नोपोल ही दुरुस्तीची साधनं चालवली गेली: ४७ बगांना टेस्ट पास करणारे पॅच मिळाले, हातानं तपासल्यावर ९ बग बरोबर सुटलेले ठरले.

सोर्सपाथ

दोन्ही खिडक्या चालू झाल्या, आय १७ आला. मर्यादा ०.१ केल्यावर दुसऱ्या बगातली ओळही यादीत आली. आता पाच-सहा पॅच एकाच बगाचे आहेत. प्रत्येकासाठी नवी प्रत, नवं कंपाइल, नवी जोडणी करावी लागेल का?

जेव्हीएम_वाचक

नाही. मूळ प्रत चार आर्ग्युमेंटच्या सॉल्व्हच्या सुरुवातीला थांबवा. दुसऱ्या शेलमध्ये पॅचचा क्लास -जी लावून कंपाइल करा. जेडीबीत रीडिफाइन म्हणा, पुढे क्लासचं पूर्ण नाव आणि क्लास फाइलचा पत्ता. इथे एक पायरी हमखास विसरली जाते: उघडी फ्रेम जुन्याच बाइटकोडवर चालू राहते. रीएंटर दिलंत की ती मेथड पहिल्यापासून नव्या कोडनं सुरू होते. पुढचा पॅच तपासायला पुन्हा याच फ्रेमपर्यंत वर या: आतल्या फ्रेम पॉपनं काढा, रीडिफाइन, रीएंटर.

मर्यादा दोन. साध्या हॉटस्पॉटमध्ये (नेहमीच्या जेव्हीएममध्ये) फक्त मेथडच्या आतला मजकूर बदलता येतो; पॅचनं नवी मेथड किंवा फील्ड घातलं असेल तर रीडिफाइन नाकारलं जातं आणि वेगळी प्रतच लागते. दुसरी अशी की पॉपनं फक्त स्टॅक मागे जातो. फील्डमध्ये लिहिलेल्या किमती, उघडलेल्या फाइल, वाढलेले काउंटर तसेच राहतात. बायसेक्शनसॉल्व्हर सुरुवातीलाच क्लिअररिझल्ट करतो म्हणून इथे अडचण नाही, पण कलेक्शन्स किंवा क्लोजर या दुसऱ्या प्रकल्पांच्या बगांत दुसऱ्या पॅचला पहिल्याची उष्टी स्थिती मिळते. तिथे प्रत्येक पॅचला ताजा जेव्हीएम द्या.

एक्सेप्शनवर थांबायचा कॅच आदेश या कामासाठी वापरू नका. तोवर तुम्ही चुकीच्या फ्रेममध्ये फार खोल गेलेले असता.