गारगोटीचे मौनी विद्यापीठ: खरोखर विद्यापीठ होते का?

प्रश्न (कोल्हापूर): आजोबांच्या ट्रंकेत घडीवर फाटलेले, गारगोटीच्या ग्रामसेवा पदविकेचे प्रमाणपत्र सापडले. नावात विद्यापीठ असूनही येथे पदवी का मिळत नसे?

उत्तर १: कायद्याने स्थापन झालेल्या वा तसा अधिकार मिळालेल्या संस्थेलाच पदवी देता येते, हे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याने ठरवले. मौनी विद्यापीठ ही खाजगी शिक्षणसंस्था. ती उभारणारे जे. पी. नाईक हे आपल्याच जिल्ह्यातील बहिरेवाडीचे, पुढे देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. विद्यापीठीय शिक्षणासाठी नेमलेल्या राधाकृष्णन आयोगाने ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली होती आणि त्याच विचारातून पुढे निघालेल्या ग्रामीण उच्चशिक्षण संस्थांत गारगोटी होती. तिथला तीन वर्षांचा अभ्यासक्रम म्हणजेच तुमच्या आजोबांची पदविका. ते प्रमाणपत्र कृपया लॅमिनेट करू नका, सपाट फाईलमध्ये ठेवा.

उत्तर २: नाव पाटगावच्या मौनी महाराजांचे आहे, ज्यांची शिवाजी महाराजांनी भेट घेतल्याचे सांगितले जाते. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये सुरू झाले. गारगोटीचे कर्मवीर हिरे महाविद्यालय आज त्याच्याशीच संलग्न आहे.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. आजोबा स्वतःला ‘विद्यापीठाचा विद्यार्थी’ म्हणत, ते आता नीट समजले.