कॅम्पर व्हॅनला साइड बार लावले तर पत्रा वाचतो का? मदत हवी आहे (यूके)

नमस्कार मंडळी,

इकडे यूकेत कॅम्पर व्हॅन असणारे किंवा गाडीच्या पत्र्याच्या कामातलं कळणारे कुणी असाल तर प्लीज सांगा, घरात यावरून रोज चर्चा होतेय आणि निर्णय काही होत नाहीये.

आम्ही स्विंडनला असतो. गाडी फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर टी६, लाँग व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली), आधीच्या मालकाने कॅम्पर करून घेतलेली, म्हणजे वर उघडणारं छत, मागे बेड होणारी सीट, एका बाजूला गॅस-सिंक-फ्रिज, आतून सगळीकडे इन्सुलेशन घालून प्लाय आणि त्यावर कार्पेट. मुलांचा जीव आहे या गाडीत आणि माझाही. मध्ये सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये उभी होती, आम्ही सामान घेऊन येईपर्यंत कुणीतरी डावीकडच्या सरकत्या दाराला ठोकून निघून गेलं. चिठ्ठी नाही, नंबर नाही, दुकानात विचारलं तर त्या कोपऱ्यावर कॅमेराच नाही म्हणाले. दाराच्या मधोमध लांबट पोचा पडलाय, साधारण मांडीच्या उंचीवर, रंग उडालेला नाही पण घडी पडल्यासारखी रेघ दिसते. मला फार वाईट वाटलं, अजूनही त्या बाजूने गाडीत चढताना नजर तिथेच जाते.

आता नवरा म्हणतोय की साइड बार लावून घेऊ. म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये, दाराखाली सिलला (म्हणजे दाराखालच्या बॉडीच्या कडेला) लागून तो स्टीलचा जाड गोल पाइप असतो ना, तो. विकणारा म्हणतो बॉडीचं संरक्षण होतं, ड्रिलिंग करावं लागत नाही, गाडीला खाली असलेल्या भोकांतच बोल्ट बसतात, आणि दिसतातही छान. दिसतात हे खरंय, पण माझ्या डोक्यात येतं की पोचा पडलाय मांडीच्या उंचीवर आणि बार असणार गुडघ्याच्याही खाली, मग तो वाचवणार काय? नवऱ्याचं म्हणणं की दुसऱ्या गाडीचा बंपर आधी बारला अडेल. हे बरोबर आहे का?

दुसरं म्हणजे ऑगस्टमध्ये कॉर्नवॉलला जायचंय, सासूसासरे येतायत भारतातून त्यांना घेऊन, आणि तिकडच्या अरुंद रस्त्यांबद्दल जे ऐकलंय त्याने आत्ताच धाकधूक होतेय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तर बारवर पाय ठेवून चढता येईल का हेही सांगा. काचेसारखी जपत नाही आम्ही गाडी, वापरायलाच घेतलीय, पण उगाच खर्च होऊन उद्या उलट जास्त नुकसान व्हायला नको.

– निळी_व्हॅन

पत्राकाम:
ताई, मी कोव्हेंट्रीत बॉडीशॉपला आहे, असल्या व्हॅन्स रोज बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची शंका बरोबर आहे. पार्किंगमधलं नुकसान बहुतेक वेळा गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या पट्ट्यात होतं, शेजारच्या गाडीच्या दाराची कड, ट्रॉली, रिव्हर्स घेणाऱ्याच्या बंपरचा कोपरा. साइड बार त्याच्या खाली असतो, आणि तो सिलच्या बाहेर फार आलेलाही नसतो, बऱ्याच डिझाइनमध्ये चाकांच्या कमानींच्या आतच राहतो. शेजारच्या गाडीचं दार त्याच्या वरून येऊन तुमच्या दाराला लागणार, मध्ये अडायला काही नाहीच. बंपर खूप खालपर्यंत आलेला असेल आणि अगदी हळू लागला तर कदाचित बारला आधी टेकेल, पण ते नशिबावर झालं.

मग बार कशात उपयोगी? खालच्या घासण्यात. वळताना मागचं चाक आत कापतं आणि सिल एखाद्या ठेंगण्या बोलार्डला (रस्त्याकडेच्या खांबाला) किंवा दगडाला घासते, तिथे बार मध्ये आला तर ओरखडा बारवर जातो. लाँग व्हीलबेसला हे जास्त होतं कारण मधला भाग लांब, टी६ ला दोन चाकांमध्ये ३.४ मीटर आहेत. तिरकं आणि हलकं घासणं, एवढ्यापुरता बार चांगला.

पण सरळ आणि जोरात काही लागलं तर वेगळं होतं, आणि ते विकणारे सांगत नाहीत. तुमच्या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा आहे आणि सिल हा त्या सांगाड्याचा महत्त्वाचा भाग. बार दोनतीन ब्रॅकेटवर धरलेला असतो, धक्का बसला की सगळा जोर त्या दोनतीन जागीच पोचतो. पाइप जाड, तो वाकत नाही, मग वाकतं ते ब्रॅकेटच्या मागचं. दाराचा नुसता वरचा पत्रा बिघडला तर तो ओढता येतो, भरता येतो, अगदीच झालं तर दार बदलता येतं. सिल मुडपली तर कापून वेल्डिंग, आणि ते काम महाग आणि नाजूक. बार सरळ दिसतोय आणि त्याच्यामागची सिल आत गेलीय अशा गाड्या मी उघडल्यात.

निळी_व्हॅन:
पत्राकाम दादा, एवढं नीट समजावून सांगितलंत, खूप आभार. एक विचारते, मग लँड रोव्हर वगैरे गाड्यांना खाली असाच पाइप लावतात आणि दगडांवर आपटत जातात ते कसं चालतं? नवऱ्याने तेच उदाहरण दिलंय.

पत्राकाम:
ते रॉक स्लायडर. दिसायला भाऊभाऊ पण काम वेगळं. जुनी डिफेंडर घ्या, तिला खाली स्वतंत्र चासी आहे, जाड रुळांची शिडी असते तशी, आणि चांगला स्लायडर त्या चासीला जोडलेला असतो. अख्ख्या गाडीचं वजन त्यावर टेकलं तरी चालावं असं बनवलेलं असतं. तुमच्या व्हॅनचा बार त्यासाठी बनवलेला नाही. यजमानांना सांगा की पाइप किती जाड आहे हे बघू नका, तो कशाला धरलाय ते बघा.

कोकण_ते_कॉर्नवॉल:
आम्ही सालाबादप्रमाणे जातो तिकडे, आमची पण ट्रान्सपोर्टरच, शॉर्ट व्हीलबेस. ताई, घाबरू नका, पण एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जी हिरवी झुडपांची भिंत दिसते ना, ती नुसती झाडी नाही. कॉर्निश हेज म्हणतात, आत दगड रचून मध्ये माती भरलेली असते आणि त्यावर गवत, नेचे, फुलं उगवलेली. आपल्या कोकणातला जांभ्याचा गडगा आठवा, पावसाळ्यात हिरवागार होतो आणि आत दगडच असतो. समोरून ट्रॅक्टर आला की माणूस बिनधास्त झुडपात गाडी दाबतो आणि आतला दगड दाराला लागतो. आणि तो दगड कुठल्याही उंचीवर असू शकतो, बारच्या समोरच येईल असं नाही.

माझा अनुभव असा की तिथे आधी सापडतात ते आरसे. टी६ ची रुंदी आरसे सोडून १९०४ मिमी आणि आरसे धरून २२९७ मिमी, म्हणजे जवळजवळ चाळीस सेंटीमीटर नुसते आरसे. पासिंग प्लेस (समोरच्या गाडीला वाट द्यायची रुंद जागा) मागे कुठे गेली ते लक्षात ठेवत जायचं, समोरून कुणी आलं आणि तुमची जागा जवळ असेल तर आपण मागे जायचं, आणि मागे जाताना गाडीत बडबड बंद, एकाने मागे बघायचं. गावांच्या आत शक्यतो जाऊच नका. पोलपेरो गावात तर बाहेरच्यांनी गाडी वर क्रम्पलहॉर्नच्या पार्किंगला लावायची आणि चालत उतरायचं अशीच रीत आहे. ए३० या मोठ्या रस्त्यावरून जमेल तेवढं पुढे जायचं आणि शेवटचा तुकडाच लहान रस्त्याने. नॅव्हिगेशन दोन मिनिटं वाचवायला कुठल्याही शेतातल्या बोळात घालतं, तिथे त्याचं ऐकू नका.

विमा_बघा:
बार लावायचेच ठरवलंत तर इन्शुरन्सवाल्यांना आधी कळवा. बाहेरून काही जोडलं की ते मॉडिफिकेशन धरतात, कॅम्परचा वेगळा विमा देणारे बहुतेक जण साइड बारला नाही म्हणत नाहीत पण त्यांच्या नोंदीत ते असलं पाहिजे. इथे २०१२ च्या कायद्याप्रमाणे त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं काळजीपूर्वक खरं उत्तर देणं ही आपली जबाबदारी आहे, तिथे चूक निघाली तर क्लेमचे पैसे कापले जाऊ शकतात किंवा क्लेमच नाकारला जाऊ शकतो. फोन केलात तरी नंतर ईमेलवर लेखी घ्या.

पुण्याहून_सुधा:
विषय यूकेचा आहे तरी लिहिते, कारण इकडचेही वाचत असतील आणि हे बघून आपल्या गाडीला काहीतरी लावतील. भारतात ७ डिसेंबर २०१७ ला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून गाड्यांना बाहेरून बसवलेले क्रॅश गार्ड आणि बुल बार बेकायदा आहेत, कारवाई करा असं सांगितलंय, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा आधार देऊन. रोख मुख्यतः पुढच्या गार्डवर आहे, कारण पायी चालणाऱ्याला त्याचा मार जास्त लागतो आणि पुढचा भाग चेपून धक्का शोषायचा असतो ते नीट होत नाही. इथे बाजूचा पाइप लावणाऱ्यांनी पण आधी आरटीओत विचारावं, दुकानदार ‘सगळे लावतात’ एवढंच सांगतो. आणि निळी_व्हॅन, सासूबाईंना त्या गोल पाइपवर पाय ठेवू देऊ नका गं. ओल्या चपलेने सटकतो. माझ्या आईला एसयूव्हीच्या तसल्याच पाइपवरून उतरताना पाय मुरगळून महिनाभर त्रास झाला होता.

निळी_व्हॅन:
सुधाताई, हे बरं सांगितलंत, हे मी धरून चालले होते की पाय ठेवता येईल.

सगळ्यांचे प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिले. त्याचा मुद्दा आता एवढाच उरलाय की वॉटफर्डला मामेभावाकडे जातो तिथे ते सात फुटांचे विड्थ रिस्ट्रिक्शनचे (रुंद गाड्या अडवायचे) खांब आहेत, त्यात तरी बारचा फायदा होईल. आणि मी काल टेप घेऊन पार्किंगचं गणित केलं. इथला नेहमीचा पार्किंगचा चौकोन २.४ मीटर बाय ४.८ मीटर, आमची गाडी १.९ मीटर रुंद, म्हणजे अगदी मधोमध लावली तरी दोन्ही बाजूंना पंचवीसेक सेंटीमीटरच उरतात, आणि लांबी ५.३ मीटर म्हणजे अर्धा मीटर बाहेरच. एवढ्या फटीत कुणी गाडीचं दार उघडलं तर ते आपल्या दाराला लागणारच. मला वाटतं आमचा प्रश्न बारचा नाहीच, गाडी कुठे उभी करतो त्याचा आहे. तरी पत्राकाम दादा, तुमचं मत काय? बारऐवजी दुसरं काही आहे का आणि आमच्या दाराचं काय करू?

पत्राकाम:
खांबांचं आधी. सात फूट म्हणजे २१३३ मिमी, गाडी १९०४, म्हणजे सरळ गेलात तर दोन्हीकडे साधारण ११ सेंटीमीटर राहतात. तिथे आरसे मिटून, अगदी पायी चालण्याच्या वेगाने, आणि मुख्य म्हणजे गाडी आधी पूर्ण सरळ करून मग आत. वळता वळता शिरणारेच ठोकतात. लोखंडी खांबाला वेगात बार लागला तर वर लिहिलेली सिलची गोष्ट होते.

पार्किंगसाठी दारावर योग्य उंचीला रबरी रबिंग स्ट्रिप लावून घ्या. शेजारच्यांची दारं कुठे लागतात ते आधीच्या बारीक खुणांवरून दिसतं, त्याच ओळीत. स्वस्त आहे, चिकटवायची असते, खराब झाली की बदलायची. रंगासाठी खालच्या अर्ध्या भागाला पारदर्शक फिल्म लावतात, झुडपांचे बारीक चरे त्यावर जातात, पोचा मात्र ती थांबवत नाही. आणि गाडी लांब कोपऱ्यात, डावी बाजू गवताच्या किंवा भिंतीच्या कडेला ठेवून लावायची, चार पावलं जास्त चालायचं.

तरीही बार आवडले म्हणून लावणार असाल तर लावा, त्यात काही वाईट नाही, फक्त ३१६ ग्रेडचं स्टेनलेस बघा, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाला ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसपेक्षा जास्त टिकतं. स्टेनलेस ब्रॅकेट आणि गाडीचं साधं पोलाद यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर आणि भरपूर वॅक्स हवं, नाहीतर ओल धरून तिथेच गंज सुरू होतो. आणि बसवण्याआधी जॅक लावायच्या जागा मोकळ्या राहतात का ते खाली वाकून बघा.

आता पोचा. रंग फुटलेला नाही तर रंग न लावता पोचा काढणाऱ्याकडे जा, लगेच फिलर-पेंट करू नका. पण तो पत्रा आतून दाबून वर आणतो आणि तुमच्या दाराच्या आत इन्सुलेशन, प्लाय, कार्पेट, म्हणजे हात पोचणारच नाही. काही जण बाहेरून गोंदाने ओढून काढतात, गोल पोच्याला ते चालतं, तुमच्यासारख्या घडीला पूर्ण सुटत नाही. म्हणून दाराचा आतला पॅनल काढून देता आला तर बघा, निकाल बराच चांगला येईल.

निळी_व्हॅन:
ठरलं मग, बार नाही. त्या पैशात दाराचं काम, रबिंग स्ट्रिप आणि सासूबाईंसाठी रुंद पायरीचं दुमडणारं स्टूल, आणि उरलं तर उरलं. नवरा पण तयार झालाय, सिलचं ऐकून. फक्त शेवटचं, पॅनल आम्ही घरी काढला तर चालेल का? आधीच्या मालकाने कार्पेट गोंदाने चिकटवलंय असं दिसतंय, आणि आतलं इन्सुलेशन काढलं तर परत तसंच बसेल ना?

पत्राकाम:
चालेल. कडेच्या क्लिप्स रुंद प्लास्टिकच्या पट्टीने सोडवा, स्क्रूड्रायव्हर नको, रंग निघतो. कार्पेट प्लायला चिकटवलेलं असेल तर ते प्लायसकटच बाहेर येईल, सोलत बसू नका. आधी फोटो काढून ठेवा. इन्सुलेशन पोच्याच्या आजूबाजूचं तेवढंच काढा, आणि परत लावताना वरचा फॉइलचा थर फाटला असेल तर टेप लावून पूर्ण बंद करा. गाडीत झोपता, स्वयंपाक करता, ती वाफ फटीतून आत जाऊन गार पत्र्यावर पाणी धरतं आणि आतून गंज लागतो, तो बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. दाराच्या तळाला पाणी निघून जायची बारीक भोकं असतात ती पण त्याच वेळी मोकळी करून घ्या. आणि पोचा काढणाऱ्याची वेळ जरा उबदार दिवसाची घ्या, गारठ्यात रंग कडक असतो, दाबताना तडकू शकतो.