पहिलं कलम घरी घडवलेलं की विकतचं?

जुनीकानस:
चांदी-पितळेवर कोरायला शिकणाऱ्याला मी पहिल्या दिवशी झिजलेली चौकोनी कानस देतो, तिचंच कलम, म्हणजे कोरायचं टोकदार हत्यार, घडवायला. लालबुंद करून राखेत रात्रभर निवू द्यायची, मऊ पडली की दात घासून आकार द्यायचा. मग पुन्हा तापवायची, लोहचुंबक चिकटेनासा झाला की तेलात बुडवायची. शेवटी अंग घासून चकचकीत करायचं आणि वाळल्या गवताचा पिवळा रंग चढेपर्यंत मंद आच. निळा आला की पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, मुकाट्यानं पहिल्यापासून! दोन दिवस जातात, पण पोलाद कळतं. विकतच्या कलमावर शिकलेली पोरं टोक मोडलं की माझ्या तोंडाकडे बघतात. तुमचं काय मत?

जिगवाला:
दादा, कोरायला शिकायचंय की लोहारकी? आणि कानस कुठली? हल्लीच्या कित्येक स्वस्त कानशी नुसत्या वरून कडक असतात. दात घासले की पोलाद संपलं, हातात मऊ लोखंड. त्यापेक्षा हायस्पीड स्टीलची (कापायच्या हत्यारांचं पोलाद) 3 मिमीची कांडी घ्या, सुमारे 600 अंशांपर्यंत तापली तरी मऊ पडत नाही. धार जिगमध्ये, म्हणजे कोन पक्का धरणाऱ्या पकडीत, धरून लावा: तोंड (टोकाचा पुढचा उतार) 45 अंश, टाच (टोकाखालचा, पत्र्याकडचा छोटा उतार) 15. नुसत्या हातानं मनगट डुलतं, सपाट हवं ते तोंड फुगीर होतं आणि कलम पत्रा सोडून बोटात घुसतं. माझ्या डाव्या तर्जनीवर व्रण आहे, फोटो टाकू का?

जुनीकानस:
फोटो नको, जेवायला बसतोय. 1805 साली मिरजेत गीता छापली ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरून, अक्षरं उलटी. त्या तांबटाकडे कुठलं जिग होतं?

जिगवाला:
नव्हतंच. पण कुणी दिलं असतं तर नको म्हणाला असता का?

हुपरीकडचा:
दोघंही टोकाबद्दल भांडताय, टाचेचं कोण बघणार? चांदीत रेघ चमकते ती टाचेमुळे. तिथे धारेच्या दगडाचा एक ओरखडा राहिला की तो प्रत्येक रेघेत उमटतो, रेघ मळकट. मी हिरा पावडर लावलेल्या लाकडी पट्टीवर टाच आरशासारखी करतो, मगच कामाला हात. धार बघायला टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवा. रुतलं तर ठीक, घसरलं तर परत दगडावर. कार्बाइडचं कलम (फार कडक, पण ठिसूळ) पोलादावर कोरायला ठेवा. चांदीला त्याची गरज नाही, आणि फरशीवर पडलं की टवका उडालाच.
जिगचं मात्र पटतं. माझे वडील आयुष्यभर हातानंच धार लावायचे, पण त्यांच्या मनगटासारखं मनगट मला नाही, उगाच कशाला बढाई मारू.

नवखी:
काका, कानस नुसती वरून कडक आहे हे विकत घेण्याआधी कसं ओळखायचं?

जुनीकानस:
विकत घेऊच नकोस, भंगारातली जुनी आण. टोकाकडचा तुकडा शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळ, वर फडकं टाक, मग हातोडीनं मोड. आतपर्यंत बारीक करड्या दाण्याची आणि काचेसारखी तुटली तर चालेल. वाकली तर जिगवाल्याला पाठव.